मेपोलभोवती, म्हणजे वरच्या टोकाला रिबिनी बांधलेल्या नाचाच्या खांबाभोवती, रिबिनींची वेणी घालता येते, पण उलगडताना गुंता का होतो?

परत फिरताना पहिलीच ओलांडणी चुकते, म्हणून.

वेणीसाठी नाचणारे समसंख्येत हवेत, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून. एका दिशेचे सगळे समोरच्याला बाहेरून ओलांडतात, म्हणजे आपली रिबीन त्याच्या डोक्यावरून नेतात. दुसऱ्या दिशेचे वाकून आतून जातात. पुढच्या भिडूशी हेच उलट. थांबताना शेवटच्या भिडूला तुम्ही बाहेरून ओलांडलं असेल, तर वळल्यावर त्यालाच पुन्हा बाहेरून ओलांडायचं. मुलं मात्र सवयीने "आता आतून" म्हणत घुसतात आणि तिथेच गाठ बसते. "थांबा" म्हटल्यावर प्रत्येकाकडून शेवटचा भिडू आणि बाजू मोठ्याने वदवून घ्या.

दुसरं कारण सैल रिबीन. ती कायम ताणलेली हवी. वेणी खाली उतरते तशी हातातली लांबी घटते, वर्तुळही आवळत न्यावं लागतं. कुणी सलग दोनदा बाहेरून गेलं तर विणीत लगेच दिसतं. तिथपर्यंत सगळ्यांनी मागे यायचं, एकट्याची रिबीन सोडवत बसू नका.

३ मीटर खांबाला ४ ते ४.५ मीटर रिबीन पुरते, दोन ठळक रंगांत. वरची चकती घट्ट बसवा. ती फिरती असेल तर सगळे एकाच दिशेने नाचताना चकतीच फिरते, रिबीन खांबाला गुंडाळलीच जात नाही. खांब मैदानात दोन-अडीच फूट पुरा. सभागृहात खांबाखालच्या बैठकीवर दोन मोठी माणसं बसवा, कारण एकाने रिबीन सोडली की ताण एका अंगाला जातो.

रिबिनींचा हा प्रकार इंग्लंडमध्ये रुळला तो १९व्या शतकात. त्याआधीचे गावोगावचे मेपोल म्हणजे पानाफुलांनी सजवलेले उंच खांब, ज्यांवर १६४४ मध्ये पार्लमेंटने बंदी घातली होती.

गोव्यात शिगम्याला गोफ पाहिला असेल तर विणीचं तत्त्व ओळखीचं वाटेल. तिथे मधे खांब नसतो, दोर वरून सोडलेले असतात, त्यामुळे वेणी भरीव होते. मेपोलची खांबाभोवती पोकळ नळीसारखी बसते.

सरावाला आधी ८ जण घ्या आणि रिबीन न देता नुसती आत-बाहेरची साखळी चालवा. संगीत सगळ्यात शेवटी.