आजोबांची स्वाक्षरीवही सापडली आहे. सह्यांची पानं सुटी करून विकावीत का?

पानं सुटी करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण पानं विकत मागणाऱ्या त्या विक्रेत्याला आजच थांबवा.

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेत एक स्वाक्षरीवही, नाटकांच्या जाहिरातींचा गठ्ठा, नाटकातल्या पदांची चोपडी आणि ग्रामोफोनच्या काही तबकड्या निघाल्या. विक्रेत्याला वहीतली नामवंत गाणाऱ्यांची चारच पानं हवीत: बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, बडे गुलाम अली खाँ आणि मास्टर दीनानाथ मंगेशकर. त्यातली दीनानाथांची सही निळ्या बॉलपेनने आहे, म्हणून तो ती ‘डाउटफुल’ म्हणतोय आणि भाव पाडतोय. मी व्यापारी नाही. संगीत नाटकांचे कागद आणि गाणाऱ्यांच्या सह्या जमवणारा माणूस आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार हे धरूनच पुढचं वाचा.

आधी दीनानाथ. ते २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले. बॉलपेनचा बाजार सुरू झाला तो दुसरं महायुद्ध संपतासंपता, आणि आपल्याकडे त्याहूनही उशिरा. तेव्हा ती निळी अक्षरं त्यांच्या हातची नव्हेत, इथे विक्रेता बरोबर आहे. पण त्यावरून पान खोटं ठरवायची घाई करू नका. जुन्या वह्यांत सह्या बऱ्याचदा शिसपेन्सिलीने केलेल्या असतात. त्या पुसट व्हायला लागल्या की वहीचा मालक, किंवा पुढे त्याचा मुलगा, कळावं म्हणून वर किंवा खाली नाव लिहून ठेवतो. काही जण तर बिचारे पेन्सिलीवरूनच शाई फिरवतात. रात्री खोलीतले दिवे घालवा, पान सपाट ठेवा आणि टॉर्च अगदी कडेने, कागदाला जवळजवळ टेकवून धरा. पेन्सिलीचे चर दिसले तर त्या कोनातून फोटो घ्या. मग आजोबांचा एखादा हिशेबाचा कागद घेऊन त्यांचा ‘द’ आणि ‘थ’ त्या निळ्या अक्षरांशी ताडून बघा. खोडरबर लावू नका, अगदी हलकाही नको. टॉर्चखाली काहीच दिसलं नाही, तर ते पान आजोबांच्या टिपणाचं समजा आणि वहीतच राहू द्या.

आता त्या विक्रेत्याला नको असलेली पानं. माझ्या मते तुमची वही त्याच पानांमुळे खरी ठरणार आहे. मैफल संपल्यावर सही मागणारा पोरगा फक्त मुख्य गवयाकडे जात नसे. तबलजी, पेटीवाला, सारंगिया जो हाताला लागेल त्याच्यापुढे वही धरत असे. बडे गुलाम अलींच्या पानाशेजारी त्याच शाईत, तोच गाव आणि तीच तारीख असलेली एखाद्या तबलजीची सही असेल, तर ती खाँसाहेबांच्या सहीची साक्षीदार आहे. नकली सही करणारा मोठ्या नावाची करतो. ज्याचं नाव आज कुणाला आठवत नाही अशा साथीदाराची कोण कशाला करेल? समोरासमोरच्या पानांवर शाईचा उलटा ठसा उतरला आहे का, शिवण मूळची आहे का, हेही अख्ख्या वहीतच बघता येतं. कापलेलं पान म्हणजे निव्वळ एक नाव उरतं, आणि तशी नावं बाजारात बनवून मिळतात.

तारखाही ताडून पाहा. बालगंधर्व १५ जुलै १९६७ ला गेले, बडे गुलाम अली १९६८ मध्ये, हिराबाई १९८९ मध्ये. त्यानंतरची तारीख कुठे दिसली तर प्रश्नच मिटला. मात्र वहीतली पानं क्रमाने भरलेली असतीलच असं नाही. रंगीत पानांच्या वह्यांत लोक आवडीचा रंग बघून मध्येच कुठेतरी सही करून मोकळे व्हायचे.

वहीत सुटे फोटो ठेवले असतील आणि त्यांवर सह्या असतील, तर भिंग घ्या. कंपन्या आणि संस्था वाटायच्या त्या छबींवर सही बहुधा छपाईच्या ब्लॉकमध्येच असे, म्हणजे फोटोबरोबरच छापलेली. भिंगाखाली सहीची रेघ बारीक ठिपक्यांची दिसली तर ती छपाई आहे. पेनाची रेघ सलग असते आणि फोटोच्या चकाकीवर वेगळी उठून दिसते.

खरं सांगायचं तर तुमच्या ट्रंकेतला माझा जीव अडकला आहे तो जाहिरातींच्या गठ्ठ्यात. विक्रेत्याने त्याकडे पाहिलंही नाही, हे बरंच झालं. नाटकाच्या हँडबिलावर कंपनीचं नाव, थिएटर, वार, तारीख, तिकिटाचे दर, कोण कुठली भूमिका करणार, स्त्रियांची बसण्याची सोय, असा सगळा ऐवज असतो. नसतं ते बहुतेक वेळा साल. उद्याचा खेळ जाहीर करणाऱ्याला सालाची गरज काय? पण वार आणि तारीख असेल तर साल काढता येतं. समजा, ‘शुक्रवार ता. ८ जुलै, संयुक्त मानापमान, बालीवाला थिएटर, मुंबई’ एवढंच छापलेला कागद हाती आला. ‘संयुक्त’ म्हणजे बालगंधर्वांची आणि केशवराव भोसल्यांची अशा दोन कंपन्यांनी मिळून केलेला प्रयोग. ८ जुलैला शुक्रवार १९१० मध्ये होता, मग १९२१, १९२७, १९३२ मध्ये. ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं १९११ मध्ये आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ मध्ये, म्हणून १९१० बाद. बालगंधर्वांच्या भामिनीसमोर नायक धैर्यधर झालेले केशवराव भोसले ४ ऑक्टोबर १९२१ रोजी गेले, म्हणून १९२७ आणि १९३२ बाद. राहिलं १९२१. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला तो प्रयोग. असा कागद खरंच तुमच्या गठ्ठ्यात निघाला तर आधी मला कळवा आणि मग बाकीच्या जगाला! मात्र तोही भिंगाखाली घालाच, कारण गाजलेल्या जाहिरातींची छायाचित्रं पुढे स्मरणिकांत आणि मासिकांत छापली जातात, आणि तिथून कापलेलं पान लांबून जुनंच वाटतं.

थिएटरची नावंही कामाला येतात. ‘पॅलेस थिएटर, कोल्हापूर’ असं छापलं असेल तर ती जाहिरात त्या वास्तूला केशवराव भोसल्यांचं नाव मिळण्याआधीची. (तेच नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं.) बालगंधर्व रंगमंदिराचं नाव असेल तर कागद २६ जून १९६८ नंतरचा, कारण रंगमंदिराचं उद्घाटनच त्या दिवशी झालं. पदांच्या चोपड्यांचंही असंच. त्या खेळाच्या वेळी आण्या-दोन आण्याला विकल्या जात आणि घरी नेऊन गायला वापरल्या जात, म्हणून धड अवस्थेत क्वचित मिळतात. कुणी समासात ‘वन्समोअर’ किंवा चालीची खूण केली असेल तर ते पान मला कोऱ्या प्रतीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

तबकड्यांविषयी थोडक्यात. मिनिटाला ७८ फेऱ्यांची म्हणजे शंभर वर्षं जुनी, असं नसतं. आपल्याकडे त्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघरी होत्या, त्यामुळे त्यांना भाव कमी. ख्यालगायिका केसरबाई केरकरांनी मुळात ध्वनिमुद्रणं मोजकी केली, म्हणून त्यांच्या दुर्मीळ. १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यासाठी केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी हवी होती, तेव्हा ती रेकॉर्ड बाजारातून गेलेली होती. शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती मिळाली. तेव्हा कुठलीच तबकडी रद्दीत घालण्याआधी लेबल वाचा. पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, त्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

कागदांना लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, चिकट पानांचा अल्बमही नको. फाटलेला कागद फाटलेलाच राहू द्या. चांगल्या प्रतीच्या आम्लविरहित कागदाची पाकिटं करा, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळं उघडून कसर लागलीय का ते बघा. सहीचं पान चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायची हौस असेल तर त्याची रंगीत प्रत लावा. उन्हाने शाई उडते.

तुम्ही हेही विचारलंय की पुढे स्वतः सह्या जमवायच्या असतील तर काय करावं. सुट्या कागदावर घेऊ नका. त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेवर किंवा तिकिटावर घ्या. तंबोरे जुळत असताना ग्रीनरूममध्ये शिरू नका, मैफल झाल्यावर जा. आणि तबला-पेटीवाल्यांपुढेही कागद धरा, त्यांना फार कुणी विचारत नाही.

आता पैसे. शास्त्रीय गाण्यातल्या सह्यांचा आपल्याकडे बाजार असा नाही. क्रिकेट आणि सिनेमाच्या मानाने गिऱ्हाइकं थोडी, त्यामुळे ठरावीक दर नसतो. घेणाऱ्याला किती हवं आहे यावर सगळं चालतं. म्हणूनच चार पानांचा चढा भाव ऐकून हुरळू नका, आणि बाकीच्या वहीला तो ‘रद्दी’ म्हणाला तर मनावरही घेऊ नका. विकायचीच असेल तर अख्खी वही एकाच माणसाला विका, आणि त्याआधी कोऱ्या पानांसकट प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. परदेशातलं गिऱ्हाईक भेटलं तर एक ध्यानात असू द्या: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचे ७५ वर्षांहून जुने दस्तऐवज खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९२१ ची जाहिरात कुरिअरने लंडनला धाडून मोकळं होता येणार नाही.

माझी सूचना अशी: वही घरात ठेवा. आजोबांना ओळखणारं घरातलं जे कुणी वडीलधारं आहे त्यांच्याशेजारी एक दुपार ती उघडून बसा आणि फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. आजोबा कुठल्या गावी नोकरीला होते, कुणाबरोबर मैफलींना जात, एवढं कळलं तरी निम्म्या सह्यांच्या जागा लागतील. जाहिराती आणि चोपडी संस्थेला द्यायची असतील तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे विचारा. तबकड्यांसाठी १९९० पासून काम करणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, तिथल्या लोकांना नुसता लेबलचा फोटो दाखवलात तरी बरीच माहिती मिळते. कुठेही द्या, पण आधी यादी करा आणि त्या यादीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.