पहाटेचा धूर आणि दिवसाचा आकडा : उन्हाळ्यातील हवेबद्दल प्रश्नोत्तरे

गव्हाची कापणी आटोपली की इंदूरच्या वाचकांची पत्रं सुरू होतात, आणि दरवर्षी त्यांत तोच गोंधळ असतो : उन्हाचा त्रास कोणता, धुराचा कोणता आणि मोबाइलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही. निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : यंदा नवतपा फार कडक आहे म्हणतात. इंदूरचा पारा किती जाईल? (रामबाग)

नवतपा म्हणजे सूर्य रोहिणीत आल्यावरचे नऊ दिवस, साधारण 25 मेपासून. ती पंचांगातली तारीख आहे, हवामानाचा अंदाज नव्हे. हवामान खातं हंगामाचा कल सांगतं, ठरावीक दिवसाचा पारा महिनाभर आधी कोणीच सांगू शकत नाही. चार-पाच दिवसांपुरता भोपाळ केंद्राचा अंदाज पाहा. पारा 40च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असला की मैदानी भागात उष्णतेची लाट धरतात. ग्रुपवर फिरणारे लाल नकाशे पुढे ढकलू नका.

प्रश्न : ॲपवर हवेचा निर्देशांक 110, ‘मध्यम’. पण पहाटे फिरायला निघालं की जळका वास येतो आणि घसा खवखवतो. ॲप खोटं आहे का? (सुदामा नगर)

ॲप खोटं नाही, तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारताय. तो निर्देशांक 24 तासांच्या सरासरीवर निघतो. समजा रात्री 11 ते सकाळी 8 हे नऊ तास पीएम 2.5 म्हणजे बारीक कण घनमीटरमागे 120 मायक्रोग्रॅम होते आणि उरलेले पंधरा तास 30. सरासरी येते 64च्या आसपास, निर्देशांक 110च्या घरात. पण पहाटे तुम्ही जी हवा ओढली, ती दिवसभर तशीच राहिली असती तर निर्देशांक 300 झाला असता, म्हणजे ‘वाईट’ श्रेणीचं वरचं टोक.

धूर रात्रीच का साचतो? हार्वेस्टरनं कापलेल्या शेतात गुडघ्याएवढी नरवाई, म्हणजे गव्हाचे खुंट, उरते आणि ती बहुधा संध्याकाळी पेटवतात. विंध्याच्या उतारावरच्या कोरड्या सागवनात पालापाचोळाही याच दिवसांत पेटतो. माळव्याचं पठार आकाश निरभ्र असलं की रात्री झपाट्यानं थंड होतं. जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार, वारा पडलेला. उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धूर त्याखाली अडकतो. ऊन तापल्यावर, सूर्योदयानंतर दीड-दोन तासांनी, तो थर मोडतो. दुपारी हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि धूर विरतो.

म्हणून कळकळीनं सांगतो : ‘पहाटेची हवा शुद्ध’ हा समज एप्रिल-मेमध्ये सोडा. पाचला उठून धावणारे दिवसातली सर्वांत खराब हवा सर्वांत खोल श्वासांनी आत घेतात. फिरायला साडेआठनंतर किंवा संध्याकाळी सहा ते सात जा. ॲपवर तासागणिकचा आलेख असतो, तो उघडा. ताशी पीएम 2.5 साठ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर व्यायाम घरात. भर दुपारी मात्र उन्हामुळे ओझोन वाढतो, तेव्हा तीही वेळ नको. दमा किंवा हृदयविकार असेल तर वेळ आणि व्यायाम दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न : ओला दुपट्टा बांधला तर धूर अडतो ना?

नाही. नीट बसणारा एन-95 मास्क लावा, दाढी असेल तर कडेनं गळतो. धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : कूलरच्या ओल्या खसमधून हवा गाळून येते. मग धुरात तो चालू ठेवला तर चालेल? (लोकमान्य नगर)

खस जाडी धूळ अडवते, धुराचे बारीक कण नाही. कूलर बाहेरचीच हवा आत फेकतो. रात्री धुराचा वास आला की तो बंद करा, खिडक्या लावा, पंखा चालवा; सकाळी नऊनंतर सगळं उघडा. पण पत्र्याच्या छताखाली म्हातारं माणूस असेल तर खोली बंद करून त्याला उकडत ठेवू नका, तिथे उष्णता धुरापेक्षा जास्त धोक्याची. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. त्याची जाळी धूळ आणि केस अडवते, बस.

प्रश्न : ‘ताज्या हवेचा सुगंध’ देणारं आयनवालं यंत्र निम्म्या किमतीत मिळतंय. घेऊ का?

घेऊ नका. अशा यंत्रातला तो ताजा वास बऱ्याचदा ओझोनचा असतो आणि ओझोननं दमा भडकतो. घ्यायचंच तर हेपा, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरचं घ्या आणि सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती हवा गाळून देतं तो आकडा, विचारा. 10 बाय 12 फूट खोली, दहा फूट छत, म्हणजे 34 घनमीटर हवा. तासाला पाच वेळा गाळायची तर 170 घनमीटर प्रतितास लागतात. विक्रेता हा आकडा न सांगता ‘500 चौरस फुटांसाठी’ म्हणत असेल तर दुकानातून बाहेर पडा. बदली फिल्टरची किंमतही आधीच विचारा. कुंड्या आणि मिठाचे दिवे या कामाचे नाहीत.

प्रश्न : देपालपूरजवळ शेती आहे, बटाईनं दिली आहे. नरवाई जाळल्यानं जमीन सुधारते म्हणतात.

ऐकीव गोष्ट. वरच्या थरातले जिवाणू, सेंद्रिय अंश आणि नत्र जळून जातं. स्ट्रॉ रीपरनं भुसा काढा किंवा सुपर सीडरनं नरवाई मातीत मिसळत थेट मूग पेरा. बटाईदाराशी हे कापणीआधीच ठरवा, पेटल्यावर बोलून उपयोग नाही. जाळण्यावर बंदी आहे, दंडही होतो. यंत्र आणि अनुदानाची चौकशी कृषी कार्यालयात करा.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे, जुना दमा. उन्हाळ्यात त्रास कमी म्हणून त्यांनी रोजचा इनहेलर बंद केला. आता धुरात खोकतात. वाफ द्यावी का?

वाफेनं श्वासनलिकेची सूज उतरत नाही, भाजण्याची भीती मात्र असते. रोजचा इनहेलर सूज दाबून ठेवतो, म्हणून त्रास ‘कमी’ वाटत होता. आठवडाभर वाट पाहू नका, उद्याच दाखवा; डोस स्वतः ठरवू नका. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन 92च्या खाली असेल, तर उद्याही नको. धाप लागल्यावर घ्यायचा तुरंत आरामाचा इनहेलर (रोजचा नव्हे) लगेच द्या, बसतं ठेवा आणि 108 लावा. यंत्राचा आकडा चांगला असला तरी धाप दिसत असेल तर धापेवर विश्वास ठेवा.