हर्ष आणि भीतीचा काठ

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन लेखक एमर्सनच्या 'नेचर' या पुस्तकाचं भाषांतर करताना 'आय ॲम ग्लॅड टू द ब्रिंक ऑफ फिअर' (शब्दशः, भीतीच्या काठापर्यंत मी आनंदी आहे) या वाक्यात 'आनंद' पुरतो का, की सुख, हर्ष, उल्हास यांतलं काही घ्यावं?

मी हर्षाच्या बाजूने आहे.

आधी प्रसंग पाहा. तिन्हीसांजेची वेळ, आभाळ भरलेलं, बर्फाच्या पाण्याची डबकी, आणि हा माणूस उघडंबोडकं गायरान ओलांडतोय. ('कॉमन'ला मैदान म्हणू नका, गावाची सामाईक जमीन ती, गायरानच जवळचं.) भाग्याची म्हणावी अशी एकही गोष्ट मनात नाही, तरी त्याला भरतं येतं. इथे सुख बाद होतं, कारण सुख कशाचं तरी असतं. आनंद चालला असता, पण आपल्या कानात 'आनंदाचे डोही आनंद तरंग' आहे. तुकोबांच्या त्या डोहात भीतीला जागाच नाही.

हर्षाचं तसं नाही. संस्कृत 'हृष्' धातूतच अंगावरचे केस उभे राहणं आहे, आणि ते कशाने याचं त्याला बंधन नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन 'रोमहर्षश्च जायते' म्हणतो तेव्हा त्याचे हातपाय गळालेले असतात. अठराव्यात संजय 'हृष्यामि च पुनः पुनः' म्हणतो तो आनंदाने. काटा तोच. मराठीनेही ही धार जपली आहे: शेवटच्या चेंडूपर्यंत जीव टांगणीला लावणारा सामना 'रोमहर्षक' असतो, आणि आनंदाने भान सुटलं की 'हर्षवायू' होतो. 'आनंदवायू' कुणाला होत नाही.

आणखी एक गोष्ट भाषांतरकाराने जरूर पाहावी. १८३६च्या पहिल्या आवृत्तीत हे वाक्य वेगळं होतं: मी किती आनंदात आहे याचा विचार करायलाही जवळजवळ भीती वाटते, अशा अर्थाचं. ते वाचून आपल्याला लगेच दृष्ट लागणं आठवतं. १८४९च्या आवृत्तीत एमर्सनने ते बदललं. आता भीती आनंद हरवण्याची राहिली नाही. आनंदच वाढत वाढत भीतीपर्यंत जातो. म्हणून 'दृष्ट लागेल इतका आनंद' हे सुचायला गोड असलं तरी जुन्या वाक्याचं भाषांतर होईल.

अडचण एवढीच, की 'सहर्ष निमंत्रण' छापून छापून हर्ष गुळगुळीत झालाय. त्याला शरीर परत द्यावं लागेल. मी असं लिहीन: 'हर्षाने अंगावर काटा आला, भीतीच्या अगदी काठापर्यंत.'

उल्हास मात्र अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनसाठी राखून ठेवा. 'एक्झल्टेशन' म्हणजे समुद्रापासून दूर वाढलेल्या जिवाचं समुद्राकडे निघणं, असं ती एका कवितेत म्हणते. तिथे अंगावर काटा नाही, उसळी आहे. आणि 'उल्हास'मधला 'उद्' तीच वर-बाहेर झेपावण्याची दिशा दाखवतो.