रक्तातील प्रथिनावरून वडील चालतील की नाही हे कळेल का?

आपण विचारले आहे की, ६८ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेल्याला सहा दिवस झाले असून कोल्हापुरात उपचार सुरू आहेत आणि पुण्याच्या पाहुण्यांच्या सांगण्यावरून 'न्यूरोफिलामेंट' या प्रथिनासाठी रक्त पाठवावे का. पक्षाघाताच्या रुग्णांना उभे करण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो: सध्या पाठवू नका.

पाहुण्यांचे सांगणे निराधार नाही. न्यूरोफिलामेंट हा मज्जातंतूच्या लांब धाग्याचा आतला सांगाडा असतो. धागा तुटला की त्याचा अत्यल्प अंश रक्तात उतरतो आणि आता तो पिकोग्रॅममध्ये मोजता येतो. ज्यांच्यात तो जास्त आढळतो, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती सरासरीने वाईट असते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण ही पातळी हळूहळू चढते, साधारण दोन-तीन आठवड्यांनी शिखर गाठते आणि कित्येक महिने वाढलेलीच राहते. म्हणजे सहाव्या दिवसाचा आकडा आणि पंधराव्या दिवसाचा आकडा यांची तुलनाच होत नाही. शिवाय वयाने ती वाढते, मूत्रपिंड मंदावले की वाढते आणि मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्या असतील तरीही वाढते. आपल्या वडिलांच्या बाबतीत आलेला आकडा नेमका मेंदूचाच आहे, असे कोण ठामपणे सांगणार?

त्याहून मोठी अडचण जागेची आहे. प्रथिन फार तर किती धागे तुटले ते सांगेल, कुठले तुटले ते सांगणार नाही. उसाला पाणी देणारा मुख्य पाट हातभर फुटला तर सगळे शिवार कोरडे पडते, आणि टोकाच्या चार सऱ्या फुटल्या तरी बाकीचे रान भिजते. मेंदूच्या आतल्या अरुंद पट्ट्यातून हातापायांचे धागे एकत्र खाली उतरतात, तिथे लहानशी इजाही एका बाजूचे पूर्ण अंग लुळे करू शकते. ही जागा एमआरआयमध्ये दिसते.

चालण्याबद्दलचा सर्वांत उपयोगी अंदाज मात्र खाटेवरच मिळतो. वडिलांना खाटेच्या कडेला, पाय खाली सोडून बसवायचे, एकाने पाठीमागे अंगाला न लावता हात धरायचा आणि ते आधाराशिवाय ३० सेकंद बसतात का, ते पाहायचे. मग उजव्या मांडीत, गुडघ्यात, घोट्यात थोडी तरी हालचाल येते का, ते तपासायचे. हे फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या, घाईने स्वतः बसवू नका. नेदरलँड्समधील २०११च्या अभ्यासात पहिल्या ७२ तासांत या दोन्ही गोष्टी जमलेल्यांपैकी सुमारे ९८ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे चालू शकतील, असा अंदाज निघाला. दोन्ही न जमलेल्यांसाठी तो सुमारे २७ टक्के होता आणि नवव्या दिवशीही तीच स्थिती असेल तर सुमारे १० टक्के. तेथील टक्के इथे जसेच्या तसे लागू होतील असे नाही, पण दिशा भरवशाची आहे. आज तपासणी करून घ्या, नवव्या दिवशी पुन्हा करून घ्या आणि दोन्ही तारखा फाईलवर लिहून ठेवा.

रक्तातील एका प्रथिनाकडे मात्र आत्ताच लक्ष हवे, ते म्हणजे नेहमीच्या तपासण्यांतले सीआरपी. ते अचानक चढले तर छातीत किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला आहे का, हे डॉक्टरांना लगेच शोधता येते आणि उपचारही करता येतात. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काहीही देऊ नका. भेटायला आलेली माणसे प्रेमापोटी चमच्याने पांढरा रस्सा पाजतात, तो श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. हे मी वारंवार पाहिले आहे आणि दरवेळी तितकेच वाईट वाटते.

उपचार करणाऱ्या रुग्णालयाने संशोधनासाठी, रीतसर संमती घेऊन आणि आपल्याकडून पैसे न घेता नमुना मागितला तर जरूर द्या. त्या आकड्यावरून व्यायाम कमी करायचा किंवा वडिलांना लवकर घरी न्यायचे, असे मात्र कोणी सुचवले तर मान्य करू नका.