हॉस्पिटल आत्ताच टाकायचं का?

एम.एस. झालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मुली ‘आता पुढं काय?’ विचारत माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी आलेल्या डॉक्टरच्या घरच्यांनी मात्र उत्तर आधीच ठरवलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, मोंढ्याजवळ सासऱ्यांची जागा, कर्जाची फाईल तयार, मुहूर्त दसऱ्याचा. बाँडचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपत आलेलं.

“मॅडम, बॅचमधल्या मुलींनी हॉस्पिटलं टाकली. मी मागं पडेन का? आणि खरं सांगू, रात्री एकटीनं सिझर घ्यायची मला भीती वाटते.”

ही भीती मला तिच्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटली. रेसिडेन्सीत, म्हणजे एम.एस. करताना, हाक मारली की सीनियर धावून येतो, ब्लड बँक आवारातच असते. तालुक्यात काय असेल ते मी तिला लिहायला सांगितलं. भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून येणार, रक्त अंबाजोगाईहून, बालरोगतज्ज्ञ मिळाला तर मिळाला. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तर एवढी वाट बघायला वेळ नसतो. लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्या कागदाकडेच बघत होती.

दुसरी गोष्ट मी स्पष्ट बोलले. बँकेचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो, पेशंट तसे येत नाहीत. मग गोळ्यांनी भागेल तिथं ‘पिशवी काढून टाकू’ असं तोंडून निघायला लागतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्यामागं कारणं अनेक होती. पण कर्जाखाली दबलेल्या डॉक्टरचा निर्णय मोकळा राहत नाही, हे मला पक्कं वाटतं. सोनोग्राफी मशीनचंही तेच. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. तिथं पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याची, नोंदणी आणि प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म चोख ठेवायला डोकं शांत लागतं.

मग बाकीच्या वाटा बघितल्या. बाँड मेडिकल कॉलेजात सीनियर रेसिडेंट म्हणून झाला असेल, तर त्या एका वर्षावर सहायक प्राध्यापकाची पात्रता येते. धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीत नवी सरकारी कॉलेजं निघाली आहेत. आरोग्य विभागात स्त्री रुग्णालयं आहेत. कॅन्सर किंवा वंध्यत्वात जायचं तर नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन एम.सीएच. ही सुपरस्पेशालिटी पदवी, म्हणजे आणखी तीन वर्षं. लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीची शस्त्रक्रिया), फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळाची तपासणी-उपचार) यांच्या फेलोशिप त्याहून लहान. तिला शिकवण्यात रस नव्हता आणि परीक्षांचा कंटाळा आला होता. गावाची ओढ मात्र खरी होती.

सासऱ्यांना मी बोलावून घेतलं. “लोक काय म्हणतील?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, “बापू, सूनबाई गाव सोडत नाही, हात पक्का करून येतेय.” ते लगेच कबूल झाले नाहीत; तिनं कागदावरची यादी वाचून दाखवली, तेव्हा फाईल थांबली.

आता ती लातूरच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात नोकरी करते आणि रविवारी गावात ओपीडी बघते. तिची एक भूलतज्ज्ञ मैत्रीण भागीदारीत यायला तयार झाली आहे. हॉस्पिटलचं त्या दोघी पुढच्या वर्षी ठरवणार आहेत.