दुनळी रायफल: आधी सांधा तपासा

दादा, आजोबांची दुनळी (सांध्यात मोडून उघडणारी दोन नळ्यांची रायफल) लायसन्ससह नावावर झाली, छान. पण लगेच काडतूस भरू नका.

दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा. मग फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढा, कारण त्याची स्प्रिंग ढिलेपणा लपवते. रायफल बंद करून नळ्या आडव्या हलवा. खडखडली तर सांध्याची पिन आणि तिच्यावर अडकणारा नळ्यांखालचा हूक झिजलेत. उजेडासमोर धरून नळ्या आणि अॅक्शनच्या (नळ्यांना मागून बंद करणाऱ्या धातूच्या भागाच्या) उभ्या तोंडात फट दिसली, तर बार काढायचाच नाही. लिव्हर (रायफल उघडायची वरची कळ) मधल्या रेषेच्या डावीकडे गेली असेल तर नळ्या बंद धरणाऱ्या खालच्या बोल्टवर संशय घ्या.

नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या:
- झटक्यात बंद करणं. हळू मिटवा.
- पिन कोरडी ठेवणं. महाबळेश्वर-कोयनेकडच्या पावसात ग्रीसचा बारीक थर हवाच.
- हुकाला पत्रा ठोकून घेणं. हा निव्वळ जुगाड! काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या.

क्रॉसबोल्ट (नळ्या वरून धरणारा आडवा बोल्ट), साइडलॉक (बाजूच्या पट्टीवरची बार काढणारी यंत्रणा) वगैरे नंतर बोलू.