बाबा रोज तीच जुनी मालिका पाहतात

‘बाबा रोज रात्री तीच ती मालिका पाहतात. संवाद तोंडपाठ आहेत, तरी दरवेळी हसतात. हे नैराश्य म्हणायचे की विस्मरणाची सुरुवात?’ हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला वर्षातून अनेकदा विचारला जातो. कधी तो वडिलांविषयी असतो, कधी नवऱ्याविषयी, आणि क्वचित विचारणारी व्यक्ती खाली मान घालून स्वतःविषयीच विचारते. उत्तरादाखल एका कुटुंबाची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

माझ्याकडे आली ती मुलगी 44 वर्षांची, मुंबईत नोकरी करणारी. आईला जाऊन 14 महिने झाले होते आणि 76 वर्षांचे वडील तिच्याच घरी राहत होते. रोज रात्री नऊ वाजता ते आपल्या खोलीत जुन्या व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवत आणि ‘देख भाई देख’ पाहत बसत. 1993 मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक आनंद महेंद्रू, निर्मात्या जया बच्चन, आणि एका बंगल्यात एकत्र राहणाऱ्या दिवाण कुटुंबाच्या तीन पिढ्या. शेखर सुमन, नवीन निश्चल, फरिदा जलाल, सुषमा सेठ, भावना बलसावर ही मंडळी त्या काळात अनेक घरांत नावानिशी ओळखीची झाली होती. मालिकेचे भाग 65, पण या घरी 180 मिनिटांच्या तीन कॅसेटवर जेमतेम 20 भाग टेप केलेले होते, आणि वडील तेवढेच आलटून पालटून पाहत.

मुलीला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती एका वेगळ्याच गोष्टीने. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली होती, हे आठवून तिने तिचे स्वच्छ चित्राचे भाग शोधून दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर लावून दिले. वडिलांनी तिचे मन राखायला दोन भाग पाहिले, ‘छान दिसतंय गं’ म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या खोलीत जाऊन कॅसेट लावली. चांगले चित्र हाताशी असताना मुरमुरे उडालेले, वरची कड वाकडी झालेले चित्र माणूस मुद्दाम का पाहील, हे तिला समजेना. ‘मॅडम, मी त्या कॅसेट लपवून ठेवू का?’ असे तिने विचारले.

लपवू नका, असे मी सांगितले, आणि पहिल्या भेटीत मी सांगितलेली तेवढीच गोष्ट बरोबर होती. पुढे मात्र मी एक ठरीव सल्ला देऊन बसले: रोज एकच भाग पाहावा, संध्याकाळी अर्धा तास चालावे आणि दोन्हींची नोंद एका तक्त्यात ठेवावी. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी तीन आठवड्यांचा तक्ता तारीखवार भरला, प्रत्येक ओळीपुढे सही केली आणि माझ्यापुढे ठेवला. त्या तक्त्यातून मला त्यांच्याविषयी काहीही कळले नाही. तो सल्ला मी मुलीच्या काळजीवर दिला होता आणि घ्यायला लावला होता वडिलांना. अशी गफलत आमच्या व्यवसायात नवखेच करतात असे मुळीच नाही.

तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पडद्यावर काय चालू आहे हा प्रश्न बाजूला ठेवला आणि पडदा बंद झाल्यावर काय होते ते विचारले. झोप लागते का, पहाटे फार लवकर जाग येऊन मन खिन्न होते का, वजन उतरले का, अंघोळ, दाढी, औषधे वेळच्या वेळी होतात का, बँकेचे व्यवहार कोण पाहते, मित्रांचे फोन उचलतात की टाळतात. ‘आता जगून काय करायचे’ असे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले, कारण असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. काकांची झोप बरी होती. पेन्शनचा हिशेब तेच ठेवत होते. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा त्यांचा गट सुटलेला नव्हता. पत्नीचा विषय निघाला की डोळे भरून येत, पण ते विषय टाळत नव्हते, आणि ती आता नाही ही गोष्ट त्यांनी कोठेही नाकारली नव्हती.

विस्मरणाविषयीची शंकाही मी हसण्यावारी नेली नाही. आपण हे कालच पाहिले याचा पत्ता नसल्यामुळे कोणी तोच भाग लावत असेल, तर ती वेगळी बाब आहे. काका मात्र कोणत्या कॅसेटवर कितव्या क्रमांकाला कोणता भाग आहे ते न पाहता सांगत. तरीही त्यांच्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि बी-12 यांच्या रक्ततपासण्या करून घेतल्या, कारण या वयात सुस्ती आणि विसराळूपणा यांचे मूळ कधी कधी तिथे सापडते आणि ते दुरुस्त होण्याजोगे असते. दोन्ही अहवाल ठीक आले.

चौदा महिने झाले तरी दुःख ओसरत नाही, म्हणजे काही बिघडले आहे का, असेही मुलीने विचारले होते. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला आता आजारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, तर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2022 च्या सुधारित वर्गीकरणात प्रौढांसाठी बारा महिन्यांची. परंतु केवळ महिने मोजून निदान होत नाही. जवळजवळ रोज जीव कासावीस करणारी ओढ आणि तिच्यामुळे दैनंदिन आयुष्य ठप्प होणे, हे दोन्ही पाहावे लागते. घरात तसे कोणी असेल, जेवणखाण सुटले असेल किंवा मरणाची भाषा निघत असेल, तर वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. काकांच्या बाबतीत तसे काही नव्हते. जाता जाता सांगते, ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर राहणाऱ्या माणसांच्या आजाराचे नाव म्हणूनच घडवला होता. गतकाळात रमणाऱ्या माणसाकडे रोगी म्हणून पाहण्याची खोड अशी जुनी आहे.

मग खराब चित्रच का? हे मला काकांनी त्यांच्या घरी दाखवले. कॅसेट लावून ते पडद्याजवळ स्टुलावर बसले. फरिदा जलाल काहीतरी म्हणत असताना चित्र एकदम हलले, साबणाची की कसली जाहिरात दीड-दोन सेकंद चमकून गेली आणि पुढचे दृश्य अर्ध्या वाक्यावर सुरू झाले. काकांनी बोट वर केले. ‘हे बघा. जाहिराती लागल्या की ही पॉजचे बटण दाबायची, म्हणजे टेप वाया जाऊ नये. पण गॅसवर काही असले की हात उशिरा पोचायचा. इथे भाजी करपत असणार.’ पुढच्या ब्रेकला चित्र इतक्या सफाईने जुळले होते की मला सांधा कळलाही नाही. ‘इथे ती निवांत बसली होती,’ ते म्हणाले. मग कॅसेट बाहेर काढून त्यांनी तिच्या कडेची छोटीशी खाच मला दाखवली. तिथली प्लॅस्टिकची पट्टी तोडली की त्या कॅसेटवर दुसरे काही टेप होत नाही. ती पट्टी पत्नीने कात्रीच्या टोकाने तोडली होती, धाकटा दीर क्रिकेटचे सामने टेप करायला कॅसेट मागायचा म्हणून.

मोठ्या टीव्हीवरच्या स्वच्छ भागांत यातले काहीच नव्हते.

1956 मध्ये हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी पडद्यावरच्या माणसांशी प्रेक्षकाचे जे एकतर्फी नाते जुळते त्याविषयी लिहिले, आणि एकाकी माणसाला आवडत्या मालिकेची सोबत कशी वाटते यावर पुढे बरेच संशोधन झाले. मी स्वतः तेच स्पष्टीकरण मनात धरून त्या घरी गेले होते. काका दिवाण कुटुंबाच्या सोबतीला बसतात असे मला वाटत होते. ते दोन दृश्यांमधल्या सांध्यांच्या सोबतीला बसत होते.

हे मी मुलीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘त्यांच्या खोलीतून हसू ऐकू आले की मला राग येतो. आई गेली त्या घरात इतके मोकळे हसू कसे येते?’ या वाक्यापाशी पोचायला आम्हाला तीन भेटी लागल्या होत्या. आईच्या आजारपणात रजा, रुग्णालय, विमा हे सारे तिने पाहिले, दिवसकार्य झाल्यावर चौथ्या दिवशी ती कामावर रुजू झाली, आणि त्यानंतर ती रडल्याचे घरात कोणालाच आठवत नव्हते. पुढच्या काही भेटी मी तिच्याशीच केल्या. त्या भेटींतले येथे सांगण्याजोगे थोडे आहे. ती बोलली आणि मी ऐकले.

पावसाळ्यात व्हीसीआर बंद पडला. एका कॅसेटच्या टेपवर पांढरी बुरशी धरली होती आणि ती यंत्राच्या हेडवर बसली. मुलीने घाबरून फोन केला. मला मात्र ही कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा चांगली परीक्षा वाटली. काका दोन रात्री लवकर झोपले, तिसऱ्या दिवशी फिरायला येणाऱ्या मित्राकडून जुना मेकॅनिक शोधून आले. व्हीएचएसचे, म्हणजे या प्रकारच्या कॅसेटचे, नवे यंत्र आता मिळणार नाही, शेवटच्या उत्पादकाने 2016 मध्येच ते बनवणे थांबवले, हेही त्यांनीच मला सांगितले. ज्याचा जीव खरोखर त्या पडद्यात अडकला आहे, तो इतक्या शांतपणे सुटे भाग शोधत फिरत नाही.

मेकॅनिकने यंत्र साफ करून दिले आणि कॅसेट लवकरात लवकर संगणकावर उतरवून घ्या, असे बजावले. या कामात एक गोष्ट फार उपयोगी पडली: टेपची नक्कल झटपट होत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला ती तीन तास चालवावीच लागते आणि चित्र सरकले की ट्रॅकिंग जुळवायला कोणीतरी शेजारी बसावे लागते. वडिलांचे डोळे थकतात म्हणून मुलीने एका रविवारी ते काम अंगावर घेतले. भाच्याने लॅपटॉपला जोडणी करून दिली होती. जाहिरातींचे तुकडे नंतर कापून चित्र सलग करून देतो, असे तो म्हणाला होता. त्याला दोघांनीही नको सांगितले.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. दुसऱ्या कॅसेटवर एका भागात ब्रेकनंतर दोन वाक्ये गायब होती. ती बाबांना म्हणाली, ‘आईने इथे फारच उशीर केला.’ बाबा म्हणाले, ‘ती नव्हती. त्या आठवड्यात ती माहेरी गेली होती, रिमोट तुझ्याकडे होता. ब्रेक संपला तरी तू बोलतच बसली होतीस.’ तेव्हा ती बारा वर्षांची होती. एवढे सांगून ती फोनवरच रडू लागली, आणि मागून काकांचा आवाज आला, ‘अगं, टेप संपत आली, आधी ते बघ.’